मुलाखतीला ब्लेझर घालावा का? (मे महिना, जळगाव एमआयडीसी)

चोपडेकर
नमस्कार मंडळी. भाचा बी.एस्सी. केमिस्ट्री झालाय. जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या प्लांटमध्ये क्वालिटी कंट्रोलच्या (क्यूसी) जागेसाठी मुलाखत आहे. मेचा दुसरा आठवडा, सकाळी साडेअकरा. चोपड्याहून एसटीने जाणार. त्यानंतर आठ दिवसांनी पुण्यात एका आयटी कंपनीत सपोर्टच्या जागेची मुलाखत आहे.
घरात दोन तट पडलेत. मोठी माणसं म्हणतात, लग्नात शिवलेला ब्लेझर पडून आहे, टाय लाव आणि ऐटीत जा. मित्र म्हणतात, आजकाल जीन्स चालते, उगाच नवरदेव होऊन जाऊ नकोस. कपड्यांवर वारेमाप खर्च करायची तयारी नाही, पण कमी पडायलाही नको. नेमकं काय घालावं, काय टाळावं, आणि का, ते जाणकारांनी सांगावं.

गिरणाकाठ
ब्लेझर नको भो. ब्लेझर घालीसन जाशी त घामनी आंघोळ हुई जाई.

भरती_टेबल
चोपडेकर, दोन्ही तटांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. भरतीच्या कामात एक साधं माप वापरतात: ज्या जागेसाठी अर्ज केलाय, त्या जागेवरचा माणूस रोज जे घालतो त्याच्या एक पायरी वर. दोन पायऱ्या वर गेलं की समोरच्याला वाटतं, याला कामाचं स्वरूप माहीत नाही. खाली गेलं की वाटतं, याला गरज नाही.
पाइपच्या प्लांटमधला क्यूसीचा माणूस रोज काय घालतो? कंपनीचा टी-शर्ट किंवा साधा शर्ट, पँट, सेफ्टी शूज. त्याच्या एक पायरी वर म्हणजे पूर्ण बाह्यांचा फिका शर्ट खोचलेला, गडद पँट, पट्टा, काळे किंवा तपकिरी लेसचे बूट. टाय नाही, ब्लेझर नाही.
माणूस रोज काय घालतो हे कळण्याचे तीन मार्ग. कंपनीच्या लिंक्डइन पानावरचे साइटचे फोटो बघा, समारंभाचे नकोत. शिफ्ट सुटताना, म्हणजे बहुतेक ठिकाणी दुपारी तीन-साडेतीनला, गेटसमोर दहा मिनिटं उभं राहा. आणि तिसरा, जो फार कमी मुलं वापरतात, तो म्हणजे विचारणं. ज्या ईमेलवर बोलावणं आलं त्यालाच उत्तर द्या: "मुलाखतीला वेळेवर हजर राहीन. पोशाखाबाबत काही सूचना आहे का? प्लांटमध्ये फेरी असल्यास सेफ्टी शूज आणावेत का?" दोन ओळी पुरतात. दुसरा प्रश्न विचारणारा मुलगा प्लांटचा विचार करून येतोय हेही त्यातूनच दिसतं.

पाटणादेवी
मी थोडी असहमत. मार्केटिंग, विमा, खासगी बँक, मोठ्या हॉटेलचा फ्रंट ऑफिस या जागांना टाय लागतेच, मे असो की जानेवारी. तिथे रोजचाच पोशाख टायचा असतो. या चर्चेच्या धाग्याचं नाव वाचून कुणी सरसकट "ब्लेझर नको" असं मनावर घेऊ नये.

भरती_टेबल
पाटणादेवी, बरोबर. माप तेच, पायरी बदलते. टाय लावायचीच असेल तर टोक पट्ट्याच्या बकलाला टेकलं पाहिजे, वर राहिलं तर शाळकरी दिसतं आणि खाली लोंबलं तर ढगळ. ब्लेझर हातावर टाकून न्यावा आणि एसीच्या प्रतीक्षा खोलीत गेल्यावर घालावा. दोन बटणांच्या ब्लेझरचं खालचं बटण लावत नाहीत, आणि बसताना वरचंही सोडायचं असतं. नाहीतर छातीवर कापड चोळामोळा होतं. नवा असेल तर बाहीवरचं लेबल आणि मागच्या फटीवरचे फुलीचे टाके उसवायला विसरू नका. ते टाके दुकानापर्यंतच्या प्रवासापुरते असतात.
लग्नातला ब्लेझर मात्र मुलाखतीला चालत नाही. त्याचं कापड चमकदार असतं, कॉलरला साटीन असतं, कधी गळ्याशी ब्रोच अडकवायची सोय असते. सभामंडपाच्या दिव्यात तो शोभतो, ट्यूबलाइटखाली नाही.

टाकेशिलाई
शिवणकामाच्या बाजूने लिहितो, कारण "कोणते कपडे" यापेक्षा "मापात आहेत का" हे जास्त नजरेत भरतं.
शर्ट. तयार शर्टावर ३९, ४०, ४२, ४४ असे आकडे असतात, ते कॉलरचे सेंटिमीटर. गळ्याचं वरचं बटण लावून आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. एकच गेलं तर बोलताना गळा आवळतो, तीन गेली तर कॉलर मागे पडते. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडाच्या टोकावर. ती दंडावर उतरली असेल तर शर्ट घेऊच नका, कारण बाकी सगळं दुरुस्त होतं, पण खांदा उतरवायचा म्हणजे बाही पूर्ण उसवून पुन्हा लावणं, आणि त्यात शर्टाचा तोल जातो. दोन्ही बाजूंनी मिळून दोन-अडीच इंच घेर कमी करता येतो, त्यापुढे खिसा बगलेकडे सरकलेला दिसतो. बाही हात खाली सोडल्यावर मनगटाचं हाड झाकून अंगठ्याच्या मुळापाशी संपावी.
पँट. उभं राहून माप बघू नका, खुर्चीवर बसून बघा. मुलाखत बसूनच असते. बसल्यावर मांडीवर आडव्या सुरकुत्या ताणल्या गेल्या तर आसन (बैठकीचा भाग) कमी आहे. कमरेत एक बोट जागा हवी. मोहरी, म्हणजे पँटच्या पायाचा खालचा घेर, साडेचौदा-पंधरा इंच ठेवली की ना नळकांडं दिसत, ना चुडीदार. लांबी बूट घालूनच घ्यायची, चपलेवर घेतलेली लांबी बुटावर आखूड पडते. पुढून बुटावर एक हलकी घडी बसावी.
शिवून घ्यायचं असेल तर ५८ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात पूर्ण बाह्यांच्या शर्टाला १.६० मीटर, ३६ इंच पन्ह्यात सव्वादोन ते अडीच मीटर. पँटला ५८ इंच पन्ह्यात १.२० ते १.३० मीटर. शर्टाचं कापड शुद्ध सुती असेल तर शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात कॉलर आणि बाही आटते. पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच माया (जास्तीचं कापड) सोडायला सांगा, म्हणजे दोन वर्षांनी अंग भरलं तरी तीच पँट उसवून सैल करता येते.
आणि वेळेचं गणित सांभाळा. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नसराई यांच्या मध्ये खानदेशातला कोणताही टेलर मोकळा नसतो. मुलाखतीच्या आधी किमान १५ दिवस कापड द्या. तेवढे दिवस नसतील तर तयार शर्ट-पँट घेऊन फक्त मोहरी आणि साइड फिटिंग करून घ्या. ते दोन दिवसांचं काम.

सातपुडा_पायथा
कापड कोणतं घ्यावं तेही सांगा ना दादा. दुकानात गेलं की दहा नावं फेकतात.

टाकेशिलाई
या हवेसाठी घट्ट विणीचं सुती, किंवा टेरिकॉट (सूत आणि पॉलिस्टरचं मिश्रण) ज्यात सुताचं प्रमाण जास्त आहे. १०० टक्के पॉलिस्टर नको: घाम शोषत नाही, अंगाला चिकटतं, आणि वास धरून ठेवतं. लिनन दिसायला सुंदर, पण चोपडा ते जळगाव एसटीत बसलं की पाठ-पोट चुरगळून निघतं. पूर्ण सुतीलाही चुरगळण्याचा त्रास आहेच. म्हणून प्रवास लांबचा असेल तर सुती-पॉलिस्टर मिश्रण बरं. पँटला पॉलिस्टर-व्हिस्कोस. इस्त्रीची धार टिकते, आणि अंगावर पडतंही नीट.
कापड उजेडाकडे धरा. पलीकडचा हात स्पष्ट दिसला तर शर्टाखालचं बनियनही तसंच दिसणार.

परीटघडी
घाम आणि इस्त्री यावर कुणी बोललं नाही, म्हणून.
घामाचा ओला डाग सगळ्यात जास्त दिसतो आकाशी आणि राखाडी रंगावर. दुर्दैवाने दुकानदार "इंटरव्ह्यूसाठी" म्हटलं की आधी आकाशीच काढून दाखवतो. पांढऱ्यावर सगळ्यात कमी दिसतो. गडद निळ्यावर ओला डाग दिसत नाही, पण वाळल्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. साडेअकराची मुलाखत दोन वाजता सुरू झाली तर त्या दिसतातच. जळगावच्या ४४-४५ डिग्रीत म्हणून पांढरा, किंवा पांढऱ्यावर बारीक रेघ.
आत बाह्यांचं बनियन घालावं. सँडो बनियन काखेतला घाम शोषत नाही, आणि त्याच्या पट्ट्या पाठीवर उमटतात. पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन उठून दिसतं, फिकं राखाडी किंवा अंगाच्या रंगाचं दिसत नाही. एकदा घालून आरशात बघा म्हणजे खात्री पटेल.
घाम रोखणारं रोल-ऑन लावायचं असेल तर आदल्या रात्री, कोरड्या काखेत. रात्री घामाच्या ग्रंथी मंद असतात, त्यामुळे ते नीट बसतं. सकाळी घाईत लावून लगेच शर्ट घातला की त्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांमुळे काखेत पिवळे डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत.
इस्त्री: शर्ट किंचित दमट असताना. आधी कॉलर, आतल्या बाजूने, टोकांकडून मध्याकडे. मध्याकडून टोकाकडे गेलं तर टोकाला चुणी गोळा होते. मग कफ, बाह्या, खांदा, शेवटी पाठ आणि पुढचे पल्ले. गडद पँटवर इस्त्री थेट फिरवू नका, कापडाला चकाकी येते आणि ती कायमची राहते. पँट उलटी करा किंवा वर ओलं सुती फडकं टाका. इस्त्री झाली की १५-२० मिनिटं हँगरला लटकू द्या. गरम कापड लगेच घातलं किंवा घडी केलं की जिथे वाकेल तिथेच सुरकुती धरतं. कोळशाच्या इस्त्रीवाल्याकडे देणार असाल तर एक दिवस आधी द्या. ठिणगीचं बारीक भोक पडलं तर दुसरा शर्ट काढायला वेळ हाताशी राहतो.

गिरणाकाठ
परीटघडी, तुम्हनं खरं शे. आकाशी शर्टनी काख बठ्ठं सांगी देस.

पदर_खोचून
बायका-मुलींसाठी थोडं लिहिते. धागा भाच्याचा असला तरी वाचणाऱ्या मुली बऱ्याच असतील.
कारखाना, लॅब, आयटी: सरळ कापाची सुती कुर्ती गुडघ्यापर्यंत, सरळ पँट, पुढून बंद चप्पल किंवा बेली. घेरदार अनारकली, लोंबणाऱ्या बाह्या, गोंडे नकोत. ओढणी घ्यायची तर एका खांद्यावर घडी करून आतल्या बाजूने दोन पिना, एक खांद्यावर आणि एक छातीच्या खाली. एकाच पिनेवर ओढणी फिरते आणि मुलाखतभर हात तिकडे जात राहतो. वाजणाऱ्या बांगड्या काढून ठेवा, बोलताना टेबलावर आपटतात.
शाळा-महाविद्यालय: साडी असेल तर खळ दिलेली सुती किंवा सुती-सिल्क मिश्रण. जॉर्जेट घसरते. आधी जी चप्पल घालणार तीच घालून मग साडी नेसा, नाहीतर काठ एकतर जमिनीला घासतो किंवा वर राहतो. पदराच्या निऱ्या चार-पाच बोटं रुंद, खांद्यावर पिन ब्लाऊजच्या शिवणीत. नुसत्या कापडात टोचली तर ओढ बसून फाटतं. परकर साडीच्या रंगाचा. आणि ब्लाऊजची लांबी हात वर करून तपासा, कारण वर्गावर धडा घ्यायला सांगतात आणि फळ्यावर लिहिताना हात डोक्याच्या वर जातो. पुरुषांनाही हेच लागू आहे. खोचलेला शर्ट फळ्याशी गेल्यावर बाहेर यायला नको. काळा किंवा गडद निळा शर्ट शिक्षकाच्या मुलाखतीला टाळा, खडूची भुकटी त्याच्यावर लगेच दिसते.
राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाबाबत सूचना काढल्या. त्यात शिक्षिकांसाठी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता आणि ओढणी, शिक्षकांसाठी खोचलेला शर्ट आणि पँट असं आहे, जीन्स-टी-शर्ट नको असं आहे. शाळेत मुलाखतीला जाणाऱ्याला यापेक्षा स्पष्ट उत्तर कुठे मिळणार नाही.

नंदुरबार_नाका
सरकारी कार्यालयांसाठीही तसंच आहे ना? जीन्सवर बंदी होती असं आठवतं.

तापी_पूर
डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सूचना निघाल्या होत्या. जीन्स, टी-शर्ट, स्लिपर नको, आणि शुक्रवारी खादी वापरावी असं त्यात होतं. पुढे मार्च २०२१ मध्ये जीन्सवरची बंदी काढली, टी-शर्टवरची ठेवली. पण हे कर्मचाऱ्यांसाठी. मुलाखतीला जीन्स घालून जायचं कारण यातून निघत नाही.
आणि एक गोष्ट, भुसावळकडची मुलं हमखास विचारतात. केंद्र सरकारच्या गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांची मुलाखत १ जानेवारी २०१६ पासून बंद झाली. रेल्वेच्या त्या भरतीसाठी सूट शिवण्यात पैसे घालू नका. तिथे कागदपत्र तपासणी आणि वैद्यकीय तपासणी असते. स्वच्छ साधे कपडे, चटकन काढता-घालता येणारे, एवढं पुरतं. यूपीएससीची २७५ गुणांची मुलाखत दिल्लीला धोलपूर हाऊसमध्ये होते, तिचा विचार वेगळा. जानेवारीत तिथे थंडी असते, ब्लेझर अंगाला जड होत नाही.

केळी_कमळ
खानदेशात जागा निघतात त्यातल्या बऱ्याच शेतीशी जोडलेल्या: ठिबक, टिश्यू कल्चरची रोपं, खतं, बियाणं. फील्ड ऑफिसरच्या मुलाखतीत "चला, प्लॉटवर जाऊ" म्हणतात, आणि ते सांगून होत नाही. त्यासाठी: पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, खाकी किंवा मातकट रंगाची जाड सुती पँट, रबरी सोलचे चामडी बूट. गुळगुळीत सोलचे फॉर्मल बूट ओल्या बांधावर घसरतात. सँडल नको, ठिबकच्या नळ्यांच्या खुंट्या पायाला लागतात.
पावसाळ्यात आपली काळी माती लागली तर ओली असताना पुसू नका. पुसली की ती धाग्यात खोल जाते. वाळू द्या, मग नखाने टवका काढून ब्रशने झटका. केळीचा चिक लागलेला शर्ट मात्र मुलाखतीला न्यायचाच नाही. तो डाग आधी दिसत नाही, हवा लागली की तपकिरी होतो आणि मग जात नाही. बागेत वापरायचा शर्ट आणि मुलाखतीचा शर्ट एका दोरीवर वाळतात, पण कपाटात वेगळे ठेवा.

जंक्शन_फलाट
बुटांबद्दल. घरात डब्यात ठेवलेले बूट असतील, बहुतेक लग्नातलेच, तर आजच बाहेर काढा. हलक्या वजनाच्या बुटांचा सोल पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक झीज होत राहते, बूट न वापरताही. दोन-तीन वर्षांनी वरून नवाकोरा दिसणारा बूट चालायला लागल्यावर अर्ध्या तासात खालून भुगा होऊन सुटतो. परीक्षा सोपी: सोलच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. खळगा तसाच राहिला, चिकट लागलं किंवा कण निघाले तर तो बूट गेला. चांगला वाटला तरी पाच दिवस रोज अर्धा तास घरात घालून फिरा. नवा असेल तरी हेच करा, टाचेला चावणारा बूट आधी कळतो.
पॉलिश आदल्या रात्री. आधी कोरड्या ब्रशने धूळ झटका, ओलं फडकं मारून वाळू द्या. धुळीवर पॉलिश लावलं तर चमक न येता ओरखडे येतात. पॉलिश पातळ थरात, दहा मिनिटं थांबून ब्रश. मोजे पँटच्या रंगाचे आणि पोटरीपर्यंतचे. बसल्यावर पँट वर सरकते आणि आखूड मोज्यावर उघडी नडगी दिसते. पट्टा बुटाच्या रंगाचा, तिसऱ्या भोकात बसणारा.

सातपुडा_पायथा
कपाळाचा गंध, मनगटाचा धागा, तुळशीची माळ याचं काय? काढून जावं असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही.

पाटणादेवी
मलाही नाही. श्रद्धेची खूण काढा असं मुलाखतीला जाणाऱ्याला कुणी सांगू नये. माळ कॉलरच्या आत राहते, टिकली-मंगळसूत्र रोजचंच असतं.

भरती_टेबल
पोशाख म्हणून हरकत नाही. सुरक्षेचा मुद्दा मात्र वेगळा आहे. औषध आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्या ठिकाणी उत्पादन भागात अंगठी, धागा, घड्याळ, नेलपॉलिश, तीव्र सुगंध चालत नाही, कारण तिथे बाहेरचा कण मालात जाऊ नये हा नियम असतो. फिरत्या यंत्राजवळ, लेथ किंवा एक्स्ट्रूडरपाशी, धागा, कडं, टाय, लोंबती ओढणी ओढली जाण्याची भीती असते. वेल्डिंगच्या जागी सिंथेटिक कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं, सुती जळतं पण वितळत नाही. मुलाखतीत फेरी असेल तर आत जाण्यापूर्वी विचारा, "काही काढून ठेवायचंय का?" बाकी माळ घालूनच बसावं.

आगगाडी_चुकली
पुण्याच्या मुलाखतीबद्दल कुणी बोललं नाही. रात्रीच्या प्रवासात मुलाखतीचे कपडे अंगावर नकोत. शर्टाची घडी घालताना मध्ये प्लास्टिकचं कव्हर किंवा बटर पेपर ठेवा. वर्तमानपत्र नको, शाई कॉलरला लागते. कॉलरच्या आत पट्टा गुंडाळून ठेवला तर ती दबत नाही. पँट शिवणी जुळवून गुंडाळी करा, घडी नको. बूट वेगळ्या पिशवीत, आत मोजे कोंबून, म्हणजे आकारही राहतो आणि जागाही वाचते. स्टेशनच्या प्रतीक्षालयात तोंड-हात धुऊन आधी केस करा आणि शर्ट शेवटी, नाहीतर तेल-पाणी कॉलरवर पडतं.
आयटी सपोर्टला खोचलेला शर्ट आणि पँट पुरे, बाह्या एक घडी वर केल्या तरी चालतात. गडद, न फाटलेली, न विटलेली जीन्स काही कंपन्यांत चालते. पण तिथे पोचून कळलं की चालत नाही, तर बदलायला काही नसतं. पँट मात्र सगळीकडे चालते.

पदर_खोचून
पहिली फेरी बऱ्याचदा ऑनलाइनच घेतात, त्यासाठी दोन गोष्टी. कॅमेऱ्यावर बारीक रेघांचा किंवा चौकड्यांचा शर्ट लहरी मारतो, आणि पांढरा शर्ट खिडकीच्या उजेडात फटफटीत दिसून चेहरा काळवंडतो. तिथे आकाशी बरा. खिडकी समोर ठेवा, पाठीमागे नको. पँटही नीट घाला. भारनियमनात वायफाय गेलं की मोबाइल घेऊन उठावं लागतं.

गिरणाकाठ
म्हणजे प्लांटला पांढरा, कॅमेऱ्यावर आकाशी. हे लक्षात ठेवण्यासारखं.

चोपडेकर
सगळ्यांचे आभार. इतकं नेमकं उत्तर घरात कुणाकडून मिळालं नसतं. भरती_टेबल यांनी सांगितल्याप्रमाणे भाच्याने ईमेल केला. उत्तर आलं: "फॉर्मल, टायची गरज नाही, प्लांट फेरी आहे, सेफ्टी शूज आम्ही देऊ, मापाचा नंबर कळवा." ब्लेझरवरचा वाद त्या एका ओळीत मिटला.
आता ठरलंय ते असं: पांढरा, घट्ट विणीचा, सुती-पॉलिस्टर शर्ट तयार घेऊन साइड फिटिंग. कोळशासारखी राखाडी पँट. काळे बूट. डब्यातल्या बुटाला नख लावून पाहिलं, खळगा तसाच राहिला, म्हणून नवे घेतोय. एक शंका उरली. एसटी खिडकीच्या काचा उघड्या, रस्त्याचं काम चालू, धूळ मायंदळ. चोपड्याहून पांढरा शर्ट घालूनच निघावं की जळगावला बदलावा?

परीटघडी
जळगावला बदला. एसटीत जुना टी-शर्ट आणि तीच पँट. राखाडीवर धूळ दिसत नाही, काळ्यावर दिसते, तेव्हा पँटचा रंग बरोबर निवडलात. पँटच्या खिशात काही ठेवू नका, मोबाइलचा ठसा मांडीवर उमटतो. शर्ट हँगरसकट प्लास्टिक कव्हरमध्ये, खिडकीच्या विरुद्ध बाजूच्या रॅकच्या दांडीला लटकवा. दोन रुमाल: एक घामाचा, एक बूट पुसायचा. ते वेगवेगळ्या रंगांचे घ्या, घाईत अदलाबदल होते.

टाकेशिलाई
आणि सेफ्टी शूजचा नंबर कळवताना मोजे घालून पाय मोजा. ते जाड असतात, पुढे लोखंडी टोपी असते. नेहमीचा ८ असेल तर मोज्यांसह ९ लागण्याची शक्यता असते. पँटची लांबीही नव्या काळ्या बुटावरच घ्या, सेफ्टी शूजची टाच उंच असल्याने त्यावर अर्धा इंच आखूड दिसली तरी चालेल. साइड फिटिंगला शर्ट टाकताना मुलाला सोबत न्या. नुसता शर्ट पाठवून "थोडा टाइट करा" म्हटलं की टेलर स्वतःच्या अंदाजाने करतो.

चोपडेकर
सोमवारी दोघं जाऊन येतो.